‘म्हणून’चे तीन ठिपके

लघुलेखनाच्या परीक्षेतली एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. समोर मजकूर वाचला जात असतो, मिनिटाला ८० किंवा १०० शब्द कानावर पडत असतात आणि उमेदवाराची पेन्सिल वहीवर बारीक रेघा, कमानी, ठिपके उमटवत पुढे सरकत असते. आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये इंग्लंडमध्ये मांडलेल्या ध्वनीवर आधारलेल्या लघुलेखनानं ही विद्या जगभर रुजली. बघणाऱ्याला वाटतं, परीक्षा त्या खुणांचीच आहे. पण गुण त्या खुणांना मिळत नाहीत. श्रुतलेखन संपलं की उमेदवार आपल्याच खुणा वाचून सगळा मजकूर पूर्ण शब्दांत उतरवतो आणि तपासला जातो तो हा उतरवलेला मजकूर. खुणा उमेदवाराच्या, मजकूर वाचणाऱ्याचा.

वेळ लावून दिलेल्या कोणत्याही लेखी परीक्षेत हाच प्रश्न वेगळ्या रूपात पुढे येतो. घड्याळ पळतंय, हात दुखतोय, सांगायचं पुष्कळ आहे. अशा वेळी ‘त्यामुळे’ऐवजी बाण काढला, ‘वाढ’ऐवजी वर जाणारी रेघ काढली, ‘सर्वोच्च न्यायालय’ऐवजी नुसतं ‘स. न्या.’ लिहिलं तर चालेल का? विद्यार्थ्यांना याचं उत्तर बहुतेकदा एका शब्दात मिळतं. कुणी सांगतं चालेल, कुणी सांगतं गुण कापतील. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. काही खुणा चालतात, नव्हे, त्या वापरायलाच हव्यात. आणि काही खुणा उत्तराचा जीव काढून घेतात. हा फरक कुठून येतो ते समजून घेतलं, तर परीक्षेच्या खोलीत दर वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही.

आधी वेळेचा हिशेब मांडू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचा एक पेपर २५० गुणांचा आणि तीन तासांचा असतो. प्रश्न २०. त्यातले १० प्रश्न दहा-दहा गुणांचे, उत्तराची मर्यादा १५० शब्द. उरलेले १० प्रश्न पंधरा गुणांचे, मर्यादा २५० शब्द. बेरीज केली तर १८० मिनिटांत ४००० शब्द होतात. गुणांच्या प्रमाणात वेळ वाटला, तर पंधरा गुणांच्या प्रश्नाला १० मिनिटं ४८ सेकंद मिळतात. त्यातली दोन मिनिटं प्रश्न वाचण्यात आणि मुद्दे जुळवण्यात गेली, तर मिनिटाला जवळजवळ २८ शब्द लिहावे लागतात, आणि तेही तीन तास न थांबता. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली. आतापर्यंत पर्यायांचे गोल काळे करत आलेल्या हजारो हातांना आता पानंच्या पानं लिहायची आहेत. त्यांना खुणांचा मोह पडणं अगदी स्वाभाविक आहे.

आणि या मोहाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. आपल्या गणितींनी बीजगणित लिहिलं तेच मुळी संक्षेपांत. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या बीजगणितात अज्ञात संख्येसाठी ‘या’ येतो. तो ‘यावत्-तावत्’ म्हणजे ‘जितकं-तितकं’ याचा पहिला भाग. अज्ञात संख्या अनेक असल्या की पुढच्यांना रंगांची नावं मिळतात: कालकाचा ‘का’, नीलकाचा ‘नी’, पीतकाचा ‘पी’. ज्ञात संख्येला ‘रू’, म्हणजे रूप. ऋण संख्येच्या डोक्यावर एक ठिपका. ‘या ५ रू ८’ एवढंच लिहिलं की जाणकाराला कळे, अज्ञाताची पाचपट अधिक आठ. पण हे कळायला जाणकार लागे, आणि जाणकार घडवावा लागे. चाळीसगावजवळच्या पाटण इथला १२०७ सालचा शिलालेख याच दृष्टीनं मला फार मोलाचा वाटतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथं मठ स्थापन केल्याची ती नोंद आहे. ग्रंथ लिहून झाला होता, खुणा पोथीत होत्या, तरी त्या वाचायला शिकवणारी जागा उभारावी लागली.

आपल्या आजोबा-पणजोबांची पत्रं काढून बघा. ‘राजमान्य राजश्री’चं ‘रा. रा.’, ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’चं ‘सा. न. वि. वि.’, मायन्यात ‘ती.’ किंवा ‘चि.’, शेवटी ‘ता. क.’, पाकिटावर ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’. यानं कुणाचंच अडत नव्हतं, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकाच वळणात वाढलेले होते. मोडी कागदांत तर पहिलं अक्षर लिहून पुढे दोन उभ्या रेघा मारायच्या आणि शब्द संपला असं समजायचं, ही रीतच होती. आज मोडी शिकणारा नवा वाचक याच ठिकाणी अडखळतो. तसा संक्षेप कुठल्या शब्दाचा, हे मागचा-पुढचा संदर्भ बघून ठरवावं लागतं. पेशवे दफ्तरातल्या कारकुनाला जे क्षणात कळे, त्यासाठी आजच्या अभ्यासकाला संक्षेपांची यादी शेजारी ठेवावी लागते. अक्षरं तीच राहिली, वाचणारा बदलला.

उत्तरपत्रिकेचा वाचक असाच अनोळखी असतो. तो तुमच्या वर्गातला नाही, तुमच्या शिकवणीतला नाही, तुमच्या वहीच्या समासातल्या खुणा त्यानं कधी पाहिलेल्या नाहीत. बोर्डाच्या परीक्षेत तर एकाच माणसावर काम संपत नाही. परीक्षकामागे नियामक असतो, आणि निकालानंतर छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला तर पुन्हा आणखी कुणाचे तरी डोळे त्या पानांवरून फिरतात. यांपैकी कुणालाही तुम्हाला विचारता येत नाही की, बाळ, इथं तुला काय म्हणायचं होतं?

म्हणून पहिली कसोटी अशी ठेवता येते: ही खूण मला त्या विषयानं शिकवली आहे, की मी स्वतः घडवली आहे? विषयानं शिकवलेल्या खुणा निःशंक वापराव्यात. मराठी माध्यमातल्या दहावीच्या मुलानं त्रिकोणांची एकरूपता सिद्ध करताना ‘बाकोबा कसोटी’ असं लिहिलं, तर त्याला ‘बाजू-कोन-बाजू’ असं फोड करून लिहायची गरज नसते. ‘लसावि’ आणि ‘मसावि’ तर इतके रुळले आहेत, की मागचे पूर्ण शब्द आठवायला मोठ्या माणसांनाही क्षणभर थांबावं लागतं. भूमितीत लंब, समांतर, कोन यांच्या खुणा, रसायनशास्त्रात मूलद्रव्यांच्या संज्ञा, भौतिकशास्त्रात एककांच्या खुणा, या त्या त्या विषयाच्या लिपीचाच भाग आहेत. तिथं शब्द लिहिले तर उलट अचूकपणा कमी होतो. मात्र या लिपीत लहानसहान फरकाला जागा नाही. एककाच्या आधी लावायचा रोमन ‘एम’ लहान लिहिला तर मिलि, म्हणजे हजारावा भाग. मोठा लिहिला तर मेगा, म्हणजे दहा लाख पट. घाईत अक्षराची उंची चुकली की उत्तर शंभर कोटी पटीनं चुकतं.

बरोबरीच्या खुणेची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञानं ती छापली. ‘च्या बरोबर आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहून तो कंटाळला होता, म्हणून त्यानं सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा निवडल्या. त्यांच्याइतक्या सारख्या दोन वस्तू दुसऱ्या नाहीत, हे त्याचं कारण. म्हणजे ही खूण वेळ वाचवण्यासाठीच जन्माला आली. पण तिनं एक वचनही दिलं: डावीकडे जे आहे, तेच उजवीकडे आहे. हे वचन परीक्षेत रोज मोडलं जातं. गणिताच्या पेपरात मुलं ‘५ + ३ = ८ × २ = १६’ असं लिहून जातात. त्यांना म्हणायचं असतं ‘आधी बेरीज केली, मग दुप्पट केली’, पण कागद म्हणतो की आठ आणि सोळा सारखे आहेत. समाजशास्त्राच्या पेपरात हीच चूक जास्त महागात पडते. ‘लोकशाही = निवडणुका’ असं एखाद्या हुशार मुलीनं घाईत लिहिलं, तर तिनं एक विधान केलं, आणि ते विधान चुकीचं आहे. तिला म्हणायचं असेल की निवडणुका हे लोकशाहीचं पहिलं लक्षण आहे. दोन रेघांत एवढं सगळं मावत नाही.

‘म्हणून’ या अर्थाचे तीन ठिपके १६५९ मध्ये योहान रान या स्विस गणितज्ञाच्या बीजगणितात छापले गेले. वर एक आणि खाली दोन म्हणजे ‘म्हणून’; पुढे तेच उलटे करून ‘कारण’ झालं. आपल्याकडे भूमिती शिकलेल्या प्रत्येकाच्या हाताला ते सवयीचे आहेत. सिद्धतेत ते शोभतात, कारण तिथं प्रत्येक पायरीच्या शेजारी कंसात आधार दिलेला असतो: संगत कोन, पक्ष, कर्णभुजा कसोटी. ठिपके फक्त पाऊल दाखवतात, भार त्या कंसावर असतो. इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या उत्तरात असा कंस नसतो. तिथं नुसते ठिपके किंवा बाण टाकले, तर पाऊल दिसतं, पण जमीन दिसत नाही.

बाणाचं एक उदाहरण नीटच पाहू. समजा प्रश्न असा आहे की महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचं वेगळेपण स्पष्ट करा. वेळ थोडा आहे आणि उमेदवार लिहितो: ‘१९७२ दुष्काळ → बेकारी → रोहयो → १९७७ कायदा → २००५ राष्ट्रीय कायदा’. सगळे टप्पे खरे आहेत, सालंही बरोबर आहेत. वाचणाऱ्याला कळतं की याला विषय माहीत आहे. पण वेगळेपण कुठं आहे? शिवाय ‘रोहयो’कडे जाणारा बाण दिशाभूल करतो. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी दुष्काळाच्या आधीच मांडली होती, तासगाव भागात तिचा प्रयोगही झाला होता. दुष्काळानं तिची निकड सगळ्यांना पटवली. बाणाला ‘यातून ते जन्मलं’ एवढंच म्हणता येतं. ‘हे आधीपासून होतं, त्यानं त्याला बळ दिलं’ असं म्हणणारा बाण नाही.

तेच उत्तर शब्दांत असं होईल: ‘रोहयोची कल्पना १९७२ च्या दुष्काळाआधीची, दुष्काळाने तिची गरज सिद्ध केली. दुष्काळी कामे शासनाच्या निर्णयावर निघत, तर १९७७ च्या कायद्याने काम मागणे हा ग्रामीण प्रौढाचा हक्क ठरवला. १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याची जबाबदारी शासनावर आली. खर्चासाठी व्यवसाय कर लावून शहरी उत्पन्नाचा वाटा ग्रामीण मजुरीकडे वळवला. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने हेच हक्काचे तत्त्व देशभर नेले.’ हे पन्नासच्या आसपास शब्द आहेत, म्हणजे वरच्या वेगानं दोन मिनिटांचं काम. बाणांची ओळ वीस सेकंदांत झाली असती. वाचलेली शंभर सेकंदं फार महाग पडली असती, कारण ‘मर्जी’ आणि ‘हक्क’ यांतला फरक, जो या प्रश्नाचा गाभा आहे, तो एकाही बाणात नव्हता.

आणि इथं संक्षेप वापरलेलाच नाही असंही नाही. ‘रोहयो’ हा संक्षेपच आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की कात्री नामांवर चालवावी, क्रियापदांवर नाही. व्यक्ती, संस्था, योजना, कायदे यांची लांबलचक नावं आखडली तर अर्थ आखडत नाही. ‘ठरवला’, ‘वळवला’, ‘तर’, ‘तरीही’, ‘न मिळाल्यास’ हे शब्द मात्र दोन गोष्टींमधलं नातं सांगतात, आणि वर्णनात्मक परीक्षेत गुण या नात्यांना असतात. माहिती तर शेजारच्या बाकावरच्यालाही असते.

नावं आखडण्याच्या बाबतीत मराठीला एक सोय लाभली आहे. देवनागरी अक्षरात स्वर मिसळलेला असतो, त्यामुळे आपले संक्षेप लगेच उच्चारता येतात आणि पाहता पाहता शब्द होऊन जातात. मनपा, मसाप, अंनिस, रोहयो, मविआ हे आपण अक्षर-अक्षर सुटं म्हणत नाही, सरळ बोलतो. त्यांना प्रत्ययही निमूट लागतात: मनपाने, मसापच्या, रोहयोवर. परीक्षेत याचा फायदा घ्यावा. उत्तरात एखादं नाव चार वेळा येणार असेल, तर पहिल्यांदा पूर्ण लिहून कंसात संक्षेप द्यावा, पुढे संक्षेपच वापरावा. ‘पंचायत (अनुसूचित क्षेत्र विस्तार) कायदा (पेसा)’ असं एकदा लिहिलं की वाचकाशी करार झाला. उरलेल्या पानभर ‘पेसा’ चालेल. हा करार प्रत्येक उत्तराच्या आरंभी नव्यानं करावा, कारण सलग वीस उत्तरं वाचताना आठव्या उत्तरातला कंस परीक्षकानं पंधराव्यापर्यंत लक्षात ठेवावा अशी अपेक्षा धरता येत नाही.

काही संक्षेपांना असा करारही लागत नाही, ते मराठी लेखनात केव्हाच स्थिरावले आहेत: उदा., इ. स., इ. स. पू., क्र., रु., डॉ., टक्क्यांची खूण. खटल्याच्या नावात ‘विरुद्ध’साठी ‘वि.’ सर्वमान्य आहे. ‘केशवानंद भारती वि. केरळ राज्य (१९७३)’ असं खुशाल लिहावं. आणि ज्या एका खुणेसाठी मुलं फार आटापिटा करतात, ती इंग्रजीतली ‘आणि’ची वेलबुट्टी, तिची तर गरजच नाही. आपल्याकडे ‘व’ आहे. एका अक्षराचा, शुद्ध, प्रतिष्ठित आणि त्या वेलबुट्टीपेक्षा लवकर लिहून होणारा. ‘किंवा’साठी ‘वा’ आहे. ‘परंतु’साठी ‘पण’ आहे. ‘याव्यतिरिक्त’ लिहिण्यात जाणारा वेळ ‘शिवाय’ वाचवतो. मराठीतल्या आखूड, जुन्या, घरच्या शब्दांनी जितका वेळ वाचतो, तितका उसन्या खुणांनी वाचत नाही, असं मला मनापासून वाटतं. ‘च्या माध्यमातून’ कापून ‘ने’ लिहा, ‘करण्यात आलेली आहे’ कापून ‘केली’ लिहा. पानामागे दोन-तीन ओळी सुटतात आणि वाचणाऱ्याला गाळलेलं काही भरून घ्यावं लागत नाही.

भरून घ्यायला लावण्याची किंमत किती असू शकते, हे वैद्यकानं अनुभवलं आहे. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेनं २००४ मध्ये ‘वापरू नयेत’ अशा संक्षेपांची यादी लागू केली. तिच्यात ‘युनिट’ या शब्दासाठीचं एकाक्षरी ‘यू’ आहे, कारण हातानं लिहिलेला तो ‘यू’ शून्यासारखा वाचला जाऊ शकतो आणि इन्सुलिनचे १० युनिट १०० होऊ शकतात. दशांशचिन्हानंतरचं निरर्थक शून्यही त्या यादीत आहे. ठिपका पुसट झाला तर मात्रा दहापट होते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं लेखी उत्तरातही हे वळण पाळावं. पाच वर्षांनी तोच हात खऱ्या रुग्णाची औषधं लिहिणार आहे.

परीक्षेत आखूड लेखन चालावं का, हा प्रश्न न्यूझीलंडमध्ये २००६ साली फार मोकळेपणानं समोर आला. तिथल्या राष्ट्रीय परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेनं सांगितलं की विद्यार्थ्यानं मोबाइलच्या संदेशातली आखूड भाषा वापरली, तरी उत्तरातून अपेक्षित समज स्पष्ट दिसत असेल तर गुण द्यावेत. त्याच वेळी पूर्ण भाषेतच लिहा असा आग्रहही धरला; आणि जिथं भाषाच तपासली जाते, त्या इंग्रजीच्या परीक्षेत ही सवलत नव्हती. यावर बरीच टीका झाली. मला मात्र त्या भूमिकेत एक न्याय्य गोष्ट दिसते. जीवशास्त्राचा परीक्षक समज तपासतो, आणि समज आखूड शब्दांतही दिसू शकते. फक्त ती दिसायला हवी. परीक्षकानं ती कल्पनेनं भरून घ्यायची नाही.

प्रश्नाचे शेवटचे शब्दही नीट वाचावेत. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत ‘फरक स्पष्ट करा’ असेल तिथं तक्ता, तुटक शब्द, संक्षेप सगळं चालतं. ‘भौगोलिक कारणे लिहा’ असेल तिथं ‘कारण’ हीच मागणी आहे. बाणानं ती भागत नाही. मराठीच्या पेपरात तर या खुणांना हात लावू नये.

मग आपल्या खाजगी खुणांचं काय करायचं? त्यांची जागा कच्च्या कामात आहे, आणि ती जागा मोठी आहे. प्रश्न वाचल्यावर मुद्दे जुळवण्याच्या त्या दोन मिनिटांत हव्या तितक्या वेड्यावाकड्या खुणा कराव्यात: बाण, चौकटी, उलटे त्रिकोण, अर्धी अक्षरं. त्या कामासाठी दिलेल्या जागेत त्या कराव्यात आणि नंतर एक रेघ मारून खोडाव्यात. लघुलेखकाची वही अशीच असते. त्यानंतर उत्तर उतरवताना प्रत्येक बाणापाशी थांबून स्वतःला विचारावं, याचा उच्चार काय? ‘त्यामुळे’ की ‘त्यानंतर’ की ‘तरीही’? कितीदा तरी या प्रश्नापाशी कळतं, की बाण काढला होता खरा, पण नातं आपल्यालाच ठाऊक नव्हतं. घरी सराव करताना हे करून पाहावं. जुन्या उत्तरातले सगळे बाण गोल करून त्यांच्या जागी शब्द घालायचा प्रयत्न केला, की अभ्यास कुठं कच्चा आहे ते नेमकं सापडतं.

राहता राहिली शेवटची चार मिनिटं. पंधरा गुणांचा एक प्रश्न कोरा आहे आणि घंटा होणार आहे. इथं नियमांची चैन परवडत नाही, मुद्देच लिहावे लागतात. तरी मुद्दे दोन प्रकारांनी लिहिता येतात. ७३ व्या घटनादुरुस्तीवर कुणी लिहील: ‘ग्रामसभा, ५ वर्षे, १/३, २९ विषय’. दुसरा लिहील: ‘ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. दर ५ वर्षांनी निवडणूक बंधनकारक झाली. महिलांना किमान १/३ जागा राखीव झाल्या. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले, पण ते पंचायतींकडे सोपवणे राज्यांवर राहिले.’ दुसऱ्याला साधारण एक मिनिट लागतं आणि तीन मिनिटं हातात उरतात. आणि त्या ‘पण’पाशी, जिथं पंचायत राजची खरी अडचण सुरू होते, तिथून पुढे आणखी दोन वाक्यं लिहिता येतात.